तेरची वाट समुद्राला मिळते

आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर समुद्रापासून कितीतरी आत. तरी पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यापुस्तकात ते ‘तगर’ म्हणून भेटतं. इथलं सुती कापड गाड्यांवर लादून निघायचं. पैठण १० दिवस, पुढं भडोच बंदर २० दिवस. पावसाळी वारा जहाजं भडोचला आणायचा, हिवाळी वारा मालासह तांबड्या समुद्राकडं न्यायचा. ‘मान्सून’ हा शब्दही अरबी ‘मौसिम’मधून आलेला. तेरला मिळालेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच एक इटलीत, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीनं गाडलेल्या पॉम्पेईत सापडली.

मित्रहो, त्या पुस्तकात राजांची, बंदरांची नावं आहेत. विणकराचं, गाडीवानाचं नाही. दर्यावर्दींचा इतिहास सांगताना या बिनसमुद्राच्या माणसांनाही त्यात धरलं पाहिजे.