शेवटच्या बॅकअपनंतर काय बदललं?

भिलाईत तयार झालेल्या रुळाची उभी बाजू नीट पाहिली, तर कारखान्याचं नाव, निर्मितीचा महिना-वर्ष आणि हीट नंबर दिसतो. हीट म्हणजे एका खेपेला तयार झालेलं पोलाद. पुढे कधी रुळाला तडा गेलाच, तर या नंबरावरून त्या पोलादात कार्बन, मँगेनीज किती होतं हे काढता येतं. अट एकच, नोंद शाबूत हवी. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९मध्ये सुरू झाली, तेव्हा अशा नोंदी वह्यांत राहत. आज असलं काम डेटाबेस करतात.

पोलादाचं काम तिन्ही पाळ्यांत चालतं. मग बॅकअप कधी घ्यायचा? ‘रोज रात्री दोनला’ हे उत्तर सोयीचं आहे, शहाणपणाचं नाही. चालू पाळीच्या नोंदी दर मिनिटाला बदलतात, दहा वर्षांपूर्वीच्या हलतही नाहीत. फाइलची तारीख बघून निर्णय घ्यावा, तर सर्व्हर ती फाइल सतत उघडी ठेवतो. तारखेवर विसंबता येत नाही.

म्हणून बदलाची खूण डेटाबेस स्वतःच ठेवतो. तुमच्या मोबाइलमध्येही असलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस फाइलच्या पहिल्या १०० बाइटांत एक आकडा ठेवतो आणि सर्वसाधारण पद्धतीत प्रत्येक बदलाबरोबर तो वाढवतो. आकडा तोच असेल, तर नव्या प्रतीची घाई नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची युक्ती मला सर्वांत देखणी वाटते: ६४ केबीच्या प्रत्येक तुकड्यामागे एकच बिट. तुकड्याला हात लागला की शून्याचा एक होतो. अशा बिटांचं आठ केबीचं एक पान सुमारे चार जीबीवर नजर ठेवतं. पूर्ण बॅकअप झाला की पाटी कोरी. पोस्टग्रेस हा तिसरा डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहितो. त्या लॉगच्या सारांशावरून फक्त बदललेल्या भागाचा बॅकअप घेण्याची सोय २०२४च्या १७व्या आवृत्तीत आली.

पण चुकून पुसलेल्या नोंदी हाही ‘बदल’च, आणि तोही इमानेइतबारे नव्या प्रतीत उतरतो. त्यामुळे जुन्या प्रती टाकून देऊ नयेत. उलट, डिस्क बिघडून एखादा बिट उलटला, तर लॉगला त्याचा पत्ताही नसतो. तिथे चेकसमच, म्हणजे माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडाच, लागतो. आणि मुळात बॅकअप होतोय की नाही, हेही पाहावं लागतं. २०१७मध्ये गिटलॅब या कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा कळलं की ठरावीक वेळचे बॅकअप मुळात होतच नव्हते. सुमारे सहा तासांची माहिती गेली.

तुमच्या कचेरीतला बॅकअप कधी परत उतरवून पाहिला होता, हे या आठवड्यात जरूर विचारा.