शेजाऱ्यांचा मासा

किरिबाटी नावाच्या देशाची जमीन जेमतेम 811 चौरस किलोमीटर. माणसं सव्वा लाखाच्या आसपास. आणि समुद्र? सुमारे 35 लाख चौरस किलोमीटर. अख्ख्या भारताच्या जमिनीपेक्षा जास्त! एवढं पाणी राखायला किती बोटी लागतील याचा हिशेब मांडतानाच घाम फुटेल. त्यात मासा म्हणजे काही गोठ्यातली गाय नव्हे. आज तो किरिबाटीत, पुढच्या महिन्यात शेजारच्या देशात. मग शेजाऱ्याशी बोलणं आलंच. जगभरच्या किनाऱ्यांवर अशा बोलण्यांतून काय काय घडलं, ते ऐका.

आठ देश, एक भाव

सगळ्यात जबरदस्त गोष्ट प्रशांत महासागरातली, म्हणून तीच आधी. 1982 साली तिथल्या छोट्या देशांनी नौरूमध्ये एक करार केला. नौरू केवढा? 21 चौरस किलोमीटर. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात असे जवळपास पाच नौरू मावतील. आज या करारात आठ देश आहेत: मायक्रोनेशिया, किरिबाटी, मार्शल बेटं, नौरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि तुवालू. त्यातल्या बऱ्याच देशांची नावं आपण शाळेतही ऐकलेली नसतात. पण जगात पकडल्या जाणाऱ्या स्किपजॅक ट्यूनापैकी जवळपास निम्मा यांच्याच पाण्यातून येतो. कोकणात कुपा म्हणतात, त्याच कुळातला हा मासा. डबाबंद ट्यूनात बहुतेक वेळा हाच असतो.

पूर्वी परदेशी कंपन्या एकेका देशाला वेगळं गाठायच्या. तुमचा परवाना महाग, शेजारी स्वस्तात देतोय, असं सांगून भाव पाडायच्या. मासा बेटांचा, कमाई दुसऱ्यांची. 2007 पासून या देशांनी सगळा व्यवहारच बदलला. किती मासे पकडले यावर पैसे घ्यायचे नाहीत, बोट आमच्या पाण्यात किती दिवस राहणार यावर घ्यायचे. वर्षाचे एकूण बोट-दिवस सगळ्यांनी मिळून ठरवायचे, आपापसात वाटून घ्यायचे आणि एका दिवसाचा किमान दरही एकच ठेवायचा. 2012 मध्ये तो दर 5 हजार डॉलर होता, 2015 पर्यंत 8 हजारांवर गेला. 2010 च्या सुमारास या देशांना मिळून वर्षाला सहा कोटी डॉलरच्या घरात पैसे मिळत. दशकभरात तो आकडा 50 कोटींच्या आसपास पोचला. किरिबाटीत शाळा, दवाखाने, पगार यांवर सरकार जो खर्च करतं, त्यातला निम्म्याहून अधिक पैसा मासेमारीच्या परवान्यांतून येतो.

यातली खरी गंमत एल निन्योच्या वर्षी कळते. त्या वर्षी प्रशांत महासागरातलं कोमट पाणी पूर्वेकडे सरकतं आणि ट्यूना त्याच्या मागोमाग जातो. किरिबाटीत मासाच मासा, पापुआ न्यू गिनीत तुटवडा. ला निन्या आली की उलट. म्हणून हे बोट-दिवस एकमेकांना विकता येतात. मासा ज्याच्या अंगणात, त्याने शेजाऱ्याचे दिवस विकत घ्यायचे. मासे आले नाहीत त्या घरीही चार पैसे जातात.

आणि सगळ्यात धाडसाची गोष्ट पुढेच आहे. या देशांच्या हद्दींच्या मधोमध खुल्या समुद्राचे तुकडे उरलेले आहेत. तिथे कुणाचाच कायदा चालत नाही, म्हणून तिथे मनसोक्त जाळी पडायची. आठ देशांनी परवान्यात एक अट घातली: आमच्या पाण्यात यायचं असेल तर त्या तुकड्यांत मोठी वेढा जाळी टाकायची नाहीत. जे पाणी त्यांच्या मालकीचं नव्हतं, तेही त्यांनी एकीच्या जोरावर बंद करून दाखवलं!

एक जप्ती आणि दोन महासत्ता

त्याआधीचा किस्साही मोठा आहे. 1984 मध्ये सॉलोमन बेटांनी विनापरवाना मासेमारी करणारं ‘जॅनेट डायना’ हे अमेरिकन जहाज पकडलं. अमेरिकेचं म्हणणं असं की ट्यूना भटका मासा आहे, त्यावर कोणत्याच किनारी देशाचा हक्क नाही. तिने सॉलोमनच्या माशांची आयातच बंद केली. दुसऱ्याच वर्षी किरिबाटीने सोव्हिएत रशियाला मासेमारीचा परवाना विकला. शीतयुद्धाचे दिवस होते, वॉशिंग्टनमध्ये धावपळ उडाली. 1987 साली अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या देशांशी एकत्र करार केला आणि ट्यूनाचे पैसे मोजायला सुरुवात केली.

ओंडक्याखालची गर्दी

समुद्रात एखादा ओंडका तरंगत असला की मासे त्याच्याखाली जमतात. मोठ्या कंपन्या यासाठी मुद्दाम तराफे सोडतात. त्यांना उपग्रहाशी जोडलेले बोये बांधलेले असतात आणि खाली साधारण किती मासा जमलाय याचा अंदाज कंपनीला बसल्या जागी मिळतो. घात इथेच होतो. स्किपजॅकबरोबर त्या सावलीत दुसऱ्या जातींच्या ट्यूनाची अल्लड पिल्लंही असतात, आणि वेढा जाळ्यात सगळीच जातात. म्हणून 2009 पासून प्रशांत महासागराच्या या भागात दरवर्षी काही महिने तराफ्यांवरची मासेमारी बंद ठेवतात.

माशामुळे मिळालेली सही

हॅलिबट हा आपल्या लेपीच्या जातकुळीतला चपटा मासा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. फक्त आकार अवाढव्य, वजन 200 किलोंच्या वर जाऊ शकतं. अमेरिका आणि कॅनडा दोघांनीही तो उपसून उपसून संपवत आणला होता. 1923 मध्ये दोघांनी हिवाळ्याचे तीन महिने मासेमारी बंद ठेवण्याचा करार केला. तोवर कॅनडाच्या परराष्ट्र करारांवर ब्रिटनचीही सही लागत असे, आणि लंडनला याही वेळी ती हवी होती. कॅनडाने ठाम नकार दिला. कॅनडाने स्वतःच्या एकट्या सहीने केलेला हा पहिला आंतरराष्ट्रीय करार. एका देशाच्या स्वायत्ततेच्या इतिहासात माशाचं नाव असं कोरलं गेलंय. तेव्हा नेमलेला आयोग शंभर वर्षं उलटून गेली तरी काम करतोय.

गोठला नाही तो करार

बॅरेंट्स समुद्रातला कॉड नॉर्वेच्या किनाऱ्यालगत अंडी घालतो आणि त्याची पिल्लं वाहत वाहत रशियाच्या बाजूपर्यंत जाऊन तिथे मोठी होतात. एकाने पिल्लं मारली तर दुसऱ्याच्या जाळ्यात काही येणार नाही. म्हणून 1976 पासून, ऐन शीतयुद्धात, दोघांचा संयुक्त आयोग कामाला लागला. 2013 सालासाठी त्यांनी कॉडचा कोटा ठरवला तो तब्बल 10 लाख टनांचा. युक्रेन युद्धानंतर बाकी संबंध विस्कटले, तरी कॉडचा कोटा ठरवायला हे शेजारी एकत्र येत राहिले.

अडीच किलोमीटरची रेघ

1980 च्या दशकात काही देशांच्या जहाजांनी तीस-चाळीस किलोमीटर लांबीची तरंगती जाळी सोडायला सुरुवात केली. त्यात डॉल्फिन, कासवं, समुद्रपक्षी, जे येईल ते अडकून मरत असे. 1989 मध्ये दक्षिण प्रशांतच्या देशांनी वेलिंग्टन इथे अडीच किलोमीटरपेक्षा लांब तरंगत्या जाळ्यांवर बंदी घातली. दोनच वर्षांत संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या खुल्या समुद्रासाठी असाच ठराव केला.

21 दिवसांचा पाठलाग

ऑगस्ट 2003. अंटार्क्टिकाजवळच्या ऑस्ट्रेलियन पाण्यात ‘व्हायार्सा 1’ हे जहाज टूथफिश या महागड्या माशाची चोरी करत असल्याचा संशय आला. ऑस्ट्रेलियाची गस्ती नौका मागे लागली. बर्फ, वादळं, सुमारे 3,900 सागरी मैल आणि 21 दिवस! शेवटी दक्षिण अटलांटिकमध्ये दक्षिण आफ्रिका आणि ब्रिटनच्या नौका मदतीला आल्या, तेव्हा ते सापडलं. पुढे न्यायालयात खलाशी निर्दोष सुटले, हेही सांगायला हवं. पण तीन देशांनी मिळून असा पाठलाग करता येतो, हे चोरट्या जहाजांना त्या दिवशी कळलं.

कोजागिरीला मासेमारी बंद

आता आपल्या शेजारी येऊ. हिल्सा, बंगाल्यांचा इलिश. मराठीत पाला किंवा भिंग. सिंधीत पल्लो. सिंध्यांचे देव झुलेलाल ज्या माशावर बसलेले दिसतात तो हाच, उल्हासनगरच्या कुठल्याही सिंधी घरात तसबीर पाहा. इराकच्या नद्यांपासून म्यानमारपर्यंत हा मासा आहे. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत शिरतो. गंगेतून तो पार प्रयागराजपर्यंत जात असे. 1975 मध्ये फरक्का बंधारा झाला आणि त्याची वाट अडली.

हिल्सा ऐन भरात अंडी घालतो आश्विनी पौर्णिमेच्या आसपास. आपण दूध आटवतो तीच कोजागिरी. बांगलादेश ही तिथी धरून दरवर्षी 22 दिवस हिल्साची मासेमारी, वाहतूक आणि विक्रीही बंद ठेवतो. लहान हिल्सा म्हणजे ‘जाटका’, 25 सेंटिमीटरपेक्षा छोटा. तो नोव्हेंबर ते जून पकडायचा नाही. या काळात यादीतल्या मच्छीमार कुटुंबांना चार महिने दरमहा 40 किलो तांदूळ मिळतो. मला हा तांदूळ या सगळ्या योजनेचा कणा वाटतो. चूल पेटली नाही तर कोणता बाप जाळं घरी ठेवेल? नुसत्या तांदळाने भागत नाही, तेल-मीठ आणि सावकाराचा हप्ता राहतोच, ही तिथल्या मच्छीमारांची तक्रारही रास्त आहे. तरी फरक पडला. 2002-03 मध्ये दोन लाख टनांच्या आसपास असलेला हिल्सा वीस वर्षांत पावणेसहा लाख टनांच्या जवळ गेला. त्यानंतर तो पुन्हा घसरलाय, म्हणजे काम संपलेलं नाही.

आणि माप बघा: बांगलादेशात 25 सेंटिमीटरच्या आतला हिल्सा पकडणं गुन्हा, पश्चिम बंगालात 23 च्या आतला. मासा तोच, उपसागर तोच.

तारखा जुळल्या

भारताच्या पूर्व किनाऱ्यावर मासेमारीबंदी 15 एप्रिल ते 14 जून. बांगलादेशची मात्र 20 मे ते 23 जुलै होती. म्हणजे जूनच्या मध्यापासून भारतीय बोटी समुद्रात आणि बांगलादेशच्या बोटी किनाऱ्याला. आम्ही उपाशी राहून मासा वाढवायचा आणि तो पलीकडच्यांनी न्यायचा, असं तिथले मच्छीमार वर्षानुवर्षं म्हणत होते. 2025 मध्ये बांगलादेशने बंदी 15 एप्रिल ते 11 जून अशी बदलली. दोन देशांचं राजकीय बोलणं त्या वर्षी फार गोडीचं नव्हतं, तरीही दोघांचा समुद्र एकाच वेळी विसावला. माझ्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतली बंगालच्या उपसागरातली ही सर्वात चांगली बातमी.

चेन्नईत याच उपसागरासाठी एक आंतरसरकारी संस्था आहे. 1979 मध्ये प्रकल्प म्हणून सुरू झाली, 2003 पासून भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव हे तिचे सदस्य. वर्तमानपत्रांत तिचं नाव क्वचितच दिसतं.

एका गळाला एक मासा

मालदीवमध्ये ट्यूना जाळ्याने पकडत नाहीत. जिवंत चारा फेकायचा, पाण्याचे फवारे उडवून माशांना भुलवायचं आणि काठीला बांधलेल्या गळाने एकेक मासा झटक्यात बोटीवर घ्यायचा. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉयचीही हीच पद्धत, आणि भाषाही मालदीवच्याच कुळातली. सरहद्द मधे आली, गळ तोच राहिला.

आणि आपला किनारा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कर्ल्याची मच्छीमार सहकारी संस्था 1913 सालची. देशातली पहिली मानतात ती! केरळने ट्रॉलरवरची पावसाळी बंदी 1988 पासून लावली. पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी राज्याराज्यांच्या तारखा वेगळ्या होत्या, आता केंद्राच्या पाण्यात सगळ्यांना 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. 2015 च्या आधी ते 47 होते. कोळी, गाबीत, दालदी, खारवी यांच्या होड्या मात्र त्याही आधीपासून पावसाळ्यात शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून दर्यात उतरत.

पश्चिमेला एक दुखरी जागाही आहे. पालघरकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि पाण्यावर न दिसणारी रेघ ओलांडली की पाकिस्तानच्या तुरुंगात पोचतात. तिकडचे मच्छीमारही असेच इकडे अडकतात. 2008 च्या करारानुसार 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या याद्यांत मच्छीमार भरपूर असतात. मासा पकडायला गेलेल्या माणसाला इतका काळ डांबून ठेवणं मला कधीही पटलेलं नाही. बोट अडवा, समज द्या आणि माणूस घरी पाठवा.

महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केलं आणि 54 जातींसाठी किमान आकार ठरवले. केरळात ही यादी 58 जातींची आहे: तारली 10 सेंटिमीटर, बांगडा 14 सेंटिमीटर, त्याहून लहान पकडायचा नाही. बाजारात बोटभर पापलेटांचा वाटा स्वस्तात समोर आला, तर तो घेऊ नका. थोडे पैसे जास्त गेले तरी मोठं पापलेट मागा, आणि लहान का नको ते मासेवाल्या मावशींना सांगूनच मागा. बाजारात आज कसली मागणी होती, हे त्यांच्याकडूनच बोटीच्या तांडेलापर्यंत पोचतं.