साचा नसलेला सुटा भाग

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. त्यातले २१० मेगावॉटचे संच ऐंशीच्या दशकातले. इतक्या जुन्या यंत्राचा भाग झिजला की पंचाईत होते: कधी मूळ कंपनीच बंद, कधी साचा भंगारात गेलेला.

स्लोव्हेनियातल्या क्रश्को अणुवीज केंद्रापुढे हाच पेच होता. आग विझवणाऱ्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे फिरते चाक), व्यास जेमतेम १०८ मिलिमीटर. पण तो बनवणारी कंपनी उरली नव्हती. सीमेन्सने जुन्या भागाची मोजमापे घेऊन संगणकावर आराखडा केला, नवा इम्पेलर त्रिमितीय छपाईने घडवला आणि २०१७ साली तो पंपात बसवला.

या छपाईत धातूच्या भुकटीचा केसाहून पातळ थर पसरतात. आराखड्यानुसार लेझर हवी तेवढीच भुकटी वितळवतो, मग पुढचा थर. हे सगळे आर्गॉन वायूने भरलेल्या बंद कप्प्यात, नाहीतर तापलेला धातू गंजतो. बाहेर आलेला भाग लगेच वापरता येत नाही. उष्णता प्रक्रिया, वायरकट (तारेने कापणे), मशिनिंग आणि तपासणी बाकीच असते.

इस्रोने २०२४ मध्ये असे छापलेले, पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचे पीएस४ इंजिन चाचणीत ६६५ सेकंद चालवले. १४ भागांचा एकच झाला, १९ वेल्ड जोड गेले.

पण म्हणून कोळसा फोडायचे हातोडे कोणी छापू नयेत. ते ढोबळ, शेकड्यांनी लागणारे. तिथे ओतकामच स्वस्त. छपाई परवडते ती एखाद-दुसरा, गुंतागुंतीचा आणि बाजारात न मिळणारा भाग हवा असेल तेव्हा.