लिनक्स संगणकावरील फाइलमेळ : दोषांचे स्वरूप व परीक्षणाचा क्रम

प्रबंधाचे लेखन आज बहुधा एकाच संगणकावर होत नाही. विभागातील संगणक, घरचा संगणक आणि दूरचे क्लाउड-भांडार ह्या तिन्ही ठिकाणी फाइल एकाच स्थितीत राहावी, म्हणून फाइलमेळ राखणारे प्रोग्राम वापरले जातात. लिनक्सवरील ड्रॉपबॉक्स व नेक्स्टक्लाउड हे त्यांपैकी परिचित होत. मेळ बिघडला की इंटरनेट बंद असावे, असा तर्क प्रथम केला जातो. परंतु इंटरनेट सुरळीत असूनही मेळ बिघडू शकतो. आणि अशा वेळी उतावीळपणे केलेला उपाय मूळ दोषाहून अधिक हानी करतो. ह्याचे कारण मेळाच्या प्रक्रियेतच आहे.

प्रक्रियेचे स्वरूप

मेळ म्हणजे दोन प्रतींची तुलना, ही समजूत अपुरी आहे. संगणकावरील प्रत व भांडारातील प्रत ह्यांखेरीज, दोन्ही बाजू शेवटी जुळल्या तेव्हाच्या स्थितीची एक नोंदवही प्रोग्रामजवळ असते. एखादी फाइल भांडारात आहे पण संगणकावर नाही, एवढ्यावरून ती येथे पुसली गेली की तेथे नव्याने आली, हे ठरत नाही. नोंदवहीत तिचा उल्लेख असल्यास ती पुसली गेली, नसल्यास ती नवी, असा निर्णय होतो. नेक्स्टक्लाउडची नोंदवही मेळाच्या फोल्डरातच लपलेल्या डेटाबेसच्या रूपाने असते. ती निरुपयोगी समजून काढून टाकली, तर भांडारास अद्याप न कळविलेले पुसणे विसरले जाते आणि त्या फाइली परत अवतरतात.

दोषांची तीन स्थाने

१. पहारा : फोल्डरातील बदल प्रोग्रामला कळतो तो आयनोटिफाय ह्या यंत्रणेमुळे. ती २००५ साली लिनक्स कर्नलच्या २.६.१३ ह्या आवृत्तीत आली. तिचा पहारा एका फोल्डरापुरताच असतो. प्रत्येक उपफोल्डरास निराळा पहारा लागतो. अशा पहाऱ्यांची मर्यादा दीर्घकाळ ८,१९२ होती. २०२१ सालच्या ५.११ ह्या आवृत्तीपासून ती संगणकाच्या स्मृतीच्या प्रमाणात ठरते. मर्यादा संपली की काही फोल्डरांतील बदल वेळेवर कळत नाहीत, पण प्रोग्राम चालूच दिसतो. मर्यादा वाढवून प्रोग्राम पुन्हा सुरू करणे, हा त्यावरील उपाय. तथापि नेटवर्कवरील सामायिक फोल्डरात दुसऱ्या संगणकाने केलेले बदल आयनोटिफायला कळत नाहीत. तेथे मर्यादा वाढवून लाभ नाही.

२. नाव : मराठी अभ्यासकास हा दोष विशेष जाणवणारा आहे. एक्स्ट४ ह्या फाइल-व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट असते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे ८५ चिन्हे झाली की मर्यादा संपली. काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे होत. 'दुसऱ्या' हा तीन अक्षरी शब्द ७ चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटांचा आहे. विंडोजची एनटीएफएस व्यवस्था मात्र अशी २५५ चिन्हे स्वीकारते. त्यामुळे तेथे दिलेले लांब मराठी शीर्षक लिनक्सवर उतरत नाही. शिवाय 'ऱ' हे एकच चिन्ह असू शकते, किंवा 'र' व नुक्ता मिळून दोन. डोळ्यांस नाव एकच दिसते. एक्स्ट४ सामान्यतः ती दोन नावे मानते. एकाच नावाच्या दोन फाइली दिसल्यास हा संशय प्रथम घ्यावा.

३. फाइल-व्यवस्था : ड्रॉपबॉक्स फाइल ओळखण्यासाठी तिला जोडलेल्या विस्तारित गुणधर्मांचा आधार घेते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर तिने एक्स्ट४ सोडून अन्य व्यवस्थांचा आधार काढला. २०१९ साली झेडएफएस, एक्सएफएस, बीटीआरएफएस इत्यादींना तो पुन्हा दिला. मधल्या काळात ज्यांचा मेळ थांबला, त्यांच्या फाइलींत दोष नव्हता. त्या ज्या व्यवस्थेत ठेवल्या होत्या तिचा स्वीकार थांबला होता.

परीक्षणाचा क्रम

प्रथम प्रोग्राम थांबवावा व संपूर्ण फोल्डराची प्रत स्वतंत्र डिस्कवर घ्यावी. ही पायरी कोणत्याही कारणास्तव गाळू नये. मग डिस्कवरील मोकळी जागा व फाइलींची मालकी तपासावी. त्यानंतर प्रोग्राम सुरू करून, लहान नावाची एक छोटी फाइल संगणकाकडून भांडाराकडे आणि दुसरी उलट दिशेने पाठवून पाहावी. भांडारातून फाइल येते पण येथील नवी फाइल तिकडे जात नाही, तर पहाऱ्याचा संशय घ्यावा. दोन्हीकडे जाते पण विशिष्ट फाइलच अडते, तर नावाचा किंवा मालकीचा. प्रोग्रामच्या कार्यनोंदीत अडलेल्या फाइलीचे नाव बहुधा सापडते. एका वेळी एकच बदल करावा. अन्यथा गुण कशाने आला हे कळत नाही. नोंदवहीस हात लावणे हा शेवटचा उपाय होय.

ह्या विवेचनातून एक भेद स्पष्ट होतो. मेळ म्हणजे जतन नव्हे. येथे चुकून पुसलेले प्रकरण निर्दोष चालणारा प्रोग्राम तितक्याच तत्परतेने सर्वत्र पुसतो, आणि पुसलेली फाइल परत मिळण्याची सोय सेवेने ठरविलेल्या मुदतीपुरतीच असते. म्हणून ज्या प्रबंधाची प्रत मेळाच्या कक्षेबाहेर कोठेही नाही, तो तीन संगणकांवर असूनही सुरक्षित म्हणता येत नाही.