तलवारीच्या धारेपासून सतारीच्या जवारीपर्यंत
मिरजेच्या शिकलगार कारागिरांची कहाणी आणि आजच्या धंद्यासाठी तिचा धडा

मिरज म्हटले की आमच्या व्यापारी बांधवांना दोन गोष्टी आठवतात. एक म्हणजे रेल्वेचे जंक्शन आणि दुसरी म्हणजे दवाखाने. गाडी बदलायला किंवा आजारी माणसाला घेऊन आपण तेथे उतरतो, काम झाले की परत फिरतो. पण ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याची जियारत करून जो थोडा आत गल्लीत शिरेल, त्याला तेथे भोपळे, लाकडाच्या दांड्या आणि तारांची भेंडोळी घेऊन बसलेले कारागीर दिसतील. देशभरातले गवय्ये ज्या तंबोऱ्यावर सूर धरतात, त्यातले कितीतरी तंबोरे या गल्ल्यांत तयार झालेले आहेत. हा धंदा मिरजेत उभा केला तो आपल्याच शिकलगार बांधवांनी. त्यांची हकिगत आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, म्हणून ती येथे देत आहोत.

हत्यारांचा धंदा बसला

शिकलगार हा शब्द मूळचा सैकलगर. सैकल करणे म्हणजे धातू घासून-पुसून चकचकीत करणे. तलवारी, भाले, खंजीर यांना धार लावणे आणि त्यांची दुरुस्ती करणे हा या जमातीचा पिढीजात व्यवसाय. राजे आणि सरदार होते तोवर त्यांना कामाची ददात नव्हती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. संस्थानांच्या फौजा कमी झाल्या. पुढे १८७८ च्या हत्यार कायद्याने शस्त्र बाळगायलाही परवाना लागू लागला. ज्या मालाला गिऱ्हाईकच उरले नाही, त्या मालाचा कारागीर कितीही उत्तम असला तरी त्याने खायचे काय?

मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. दरबारात गाण्याची कदर असल्यामुळे गवयांची आणि वाजवणाऱ्यांची ये-जा असे. त्यांची वाद्ये बिघडली की ती नीट करून देणारा माणूस हवा असे. मिरजेत असे सांगितले जाते की, नाजूक हाताचा कारागीर म्हणून हे काम फरीदसाहेब शिकलगार यांच्याकडे आले. आधी दुरुस्ती, मग हुबेहूब नक्कल आणि मग स्वतःची घडण, अशा पायऱ्यांनी सुमारे १८५० पासून फरीदसाहेब आणि त्यांच्या बंधूंनी सतार व तंबोरा बनवायला सुरुवात केली. त्यांचे पाहून इतर घरे या कामात आली. पुढे कित्येक कुटुंबांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. काही मंडळी मुंबई-पुण्याला गेली आणि तेथे दुकाने काढून मिरजकर म्हणून नावारूपाला आली.

गिऱ्हाईकही मोठे मिळाले. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते आणि विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी त्यांच्याजवळ येथेच तालीम घेतली. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच स्थायिक झाले. त्यांचा स्वतःचा हातही वाद्यांच्या दुरुस्तीत चालत असे. १९३७ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची बैठक होते. असे पारखी गिऱ्हाईक दारात असले म्हणजे मालात खोट चालत नाही. मिरजेचे नाव झाले त्याचे हे एक मोठे कारण आहे.

हात तोच, काम नवे

एका तंबोऱ्यामागे किती जणांची रोजी असते पाहा. भोपळा येतो पंढरपूर, मंगळवेढा भागातून. हा खाण्याचा भोपळा नव्हे. तो कडू असतो, म्हणून किडीपासून वाचतो. शेतकरी तो वेलावरच जून होऊ देतो आणि नंतर वाळवतो. कारागीर त्याला भिजवतो, कापतो, आतून साफ करतो आणि आकार टिकावा म्हणून आतून काठ्यांचा टेका देऊन पुन्हा सुकवतो. मग तून लाकडाचा गळा, दांडी आणि तबली बसते. त्यानंतर नक्षी, रंग, चपड्याचे पॉलिश, खुंट्या आणि तारा. ही कामे बहुधा वेगवेगळ्या हातांतून जातात.

सर्वात शेवटी येते ती जवारी. तार ज्या घोडीवर टेकते, तिचा माथा कानशीने इतका हलका उतरता घासायचा की, छेडलेली तार त्या उतारावर जेमतेम टेकत राहावी. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा साधतात. मग सूर गुंजारव करू लागतो. केसभर जास्त घासले तर आवाज बिघडतो आणि पुन्हा पहिल्यापासून घासावे लागते. याला माप नाही, यंत्र नाही; हात आणि कान एवढेच.

आम्हाला या कहाणीतले मर्म येथेच दिसते. पात्याला केसभर धार काढणारा हातच घोडीला केसभर उतार देऊ लागला. धंदा मेला, पण हुन्नर मेला नाही. फक्त त्याला नवे गिऱ्हाईक शोधून द्यावे लागले.

आजची अडचण आणि नावाचे रक्षण

आज पुन्हा तशीच वेळ आली आहे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, मग मोबाईलमध्येच तंबोरा वाजू लागला. शिकणारा विद्यार्थी पहिला तंबोरा घ्यायचे टाळतो. जवारीचा हात तयार व्हायला वर्षे लागतात, तेवढा काळ थोड्या मजुरीवर बसायला तरुण मुले राजी नसतात. उस्ताद गेला की त्याच्याबरोबर कानही जातो.

यात एक जमेची गोष्ट घडली आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळाले. १९९९ चा हा कायदा २००३ पासून लागू आहे. ज्या मालाची ख्याती त्याच्या गावाशी बांधलेली आहे, त्याच्या नावाला तो संरक्षण देतो. खोटे मानांकन लावून माल विकणाऱ्याला किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

परंतु येथे आमचे बांधव एक चूक करतात. मानांकन संस्थेच्या नावे मिळाले म्हणजे आपले काम झाले असे ते समजतात. तसे नाही. प्रत्येक कारागिराने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. ही फी पूर्वी पाचशे रुपये होती, ती २०२० च्या दुरुस्तीने दहा रुपये केली गेली. नोंद दहा वर्षांची असते व पुढे वाढवता येते. हा हक्क विकता येत नाही. मात्र नोंदलेला कारागीर मरण पावला तर तो वारसाकडे जातो. म्हणजे ही कागदाची नोंद मुलाबाळांसाठी ठेवलेली इस्टेटच समजा.

सोलापुरी चादरीलाही मानांकन आहे, तरी दुसरीकडचा माल त्याच नावाने बाजारात येतोच. कायदा तक्रार करणाऱ्यालाच उपयोगी पडतो. म्हणून कारागिरांनी एकत्र राहावे, पावतीवर आणि मालावर मानांकनाची खूण घालावी, आणि बाजारात नक्कल दिसली तर गप्प बसू नये.

आमच्या वाचकांत लोहार आहेत, विणकर आहेत, चामड्याचे आणि पितळेचे काम करणारे आहेत. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, गिऱ्हाईक तुटू लागले तर हत्यारे भंगारात देण्याआधी आपल्या हाताला नेमके काय येते याचा विचार करावा. हज. दाऊद (अ.स.) लोखंडाची चिलखते बनवून हाताच्या कमाईवर जगत. कारागिराला यापेक्षा मोठी इज्जत कोणती? फरीदसाहेबांनी तलवार ठेवून तंबोरा उचलला आणि दीडशेहून अधिक वर्षे कित्येक घरांच्या चुली पेटत्या राहिल्या. अल्लाह आपल्या हुन्नरात बरकत देवो.