अक्षता पडताना थांबणारं लग्न

घरच्या लग्नाचं शूटिंग टीव्हीवर लावलं आणि मध्येच चित्र थांबून गोल चक्र फिरायला लागलं, की बहुतेक घरांतून पहिला फोन इंटरनेटवाल्याला जातो. तो येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट करून दाखवतो. आकडा चांगला निघतो. तरीही वरचा प्लॅन घेतला जातो आणि लग्न पुन्हा त्याच ठिकाणी थांबतं. लॅपटॉपमधली किंवा हार्डडिस्कवरची फाइल टीव्हीपर्यंत जाताना मुळात घराबाहेर पडतच नाही. लॅपटॉप ते राउटर आणि राउटर ते टीव्ही, एवढाच तिचा रस्ता. बाहेरून येणारं इंटरनेट कितीही वेगवान केलं तरी या रस्त्याला त्याचा उपयोग नाही.

नातेवाइकांकडे, शेजाऱ्यांकडे ही तक्रार बघायला मी बरीच वर्षं जातो आहे. गेल्यावर मी राउटरला हात लावत नाही, आधी खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसतो. ‘कुठे थांबतं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘सारखंच थांबतं.’ पण नीट बघितलं तर ते क्वचितच सारखं थांबतं. कधी प्रत्येक वेळी नेमक्या एकाच प्रसंगाला अडतं, कधी कुठेही, कधी फक्त संध्याकाळी, तर कधी सुरू व्हायलाच दोन मिनिटं घेतं आणि मग धड चालतं. यातलं कुठलं, हे कळलं की अर्धं काम झालं.

डोंबिवलीत मावशीकडे मावसबहिणीचं लग्न असंच अडत होतं. पाहुण्यांचं स्वागत, सनई, गौरीहर, मामाने मुलीला बोहल्यावर आणणं, सगळं सुरळीत चालू होतं. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टका सुरू झाल्या. पहिल्या काही ‘सावधान’ना चित्र नुसतं दचकलं. शेवटच्या ‘सावधान’ला सगळ्या हॉलने एकदम अक्षता टाकल्या आणि चित्र थिजलं. मागे नेऊन पुन्हा लावलं, तर पुन्हा तिथेच. मावशी म्हणाली, ‘बघ, नेमकं लग्न लागतानाच बंद पडतं.’

तिचं निरीक्षण अचूक होतं, आणि त्याला कारणही होतं. आजचे व्हिडिओ प्रत्येक चौकट पूर्ण साठवत नाहीत. आधीच्या चौकटीपेक्षा काय बदललं, तेवढंच बहुतांशी लिहून ठेवतात. अंतरपाट धरलेला असतो तेव्हा वधूवर स्थिर, मागची सजावट स्थिर, हलतात ते फक्त भटजींचे ओठ. लिहिण्यासारखं फार काही नसतं. अक्षता पडायला लागल्या की हजारो बारीक दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी, वेग वेगळा. ‘हा तुकडा इकडून तिकडे सरकला’ अशी सोपी नोंद करून भागत नाही. त्या काही सेकंदांना इतर वेळेपेक्षा कितीतरी जास्त माहिती लागते. विसर्जनाचा गुलाल, लेझीम, पावसाळ्यातला धबधबा, यांचंही तेच. अंधाऱ्या हॉलमध्ये कमी उजेडात शूट केलेल्या चित्रात जे दाणेदार किरकिरं दिसतं, तेही असंच महागात पडतं.

टीव्ही पुढच्या काही सेकंदांचा व्हिडिओ आधीच मागवून ठेवत असतो. तो साठा म्हणजे गच्चीवरची पाण्याची टाकी. नळ रोजच्यासारखे चालू असतील तर ती भरलेली राहते. सगळ्या मजल्यांवर एकदम पाणी सोडलं आणि खालून पंप तेवढं चढवू शकला नाही, तर टाकी रिकामी होते. अक्षतांना नेमकं हेच होत होतं.

पंप किती देतो आणि नळ किती मागतात, हे मोजता येतं. मावशीकडची फाइल साडेसात जीबीची होती आणि शूटिंग एका तासाचं. बाइटचे बिट करायला आठने गुणायचं. साडेसात जीबी म्हणजे ६०,००० मेगाबिट, त्याला तासाच्या ३,६०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला जवळपास १७ मेगाबिट. ही झाली सरासरी. शूटिंग एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमेऱ्याचं होतं. त्या पद्धतीच्या मूळ नियमांप्रमाणे कमाल मर्यादा २४ मेगाबिट. म्हणजे शांत प्रसंगात मागणी सतराच्या खालीही जाते आणि अक्षतांना चोविसाकडे धावते. व्हीएलसी प्लेअरमध्ये फाइल लावून ‘कोडेक इन्फर्मेशन’मधला आकडेवारीचा भाग उघडला की हा चढउतार डोळ्यांनी बघता येतो. मावशीला मी तो दाखवला. मंगलाष्टकांमध्ये आकडा खाली बसलेला आणि ‘सावधान’ला उसळणारा. ती बराच वेळ बघत होती.

आता रस्त्याकडे बघायचं. राउटर दाराजवळ चपलांच्या कपाटावर होता, कारण केबलवाल्याने वायर तिथेच आत आणली होती. लॅपटॉप आणि टीव्ही दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर होते. अशा साध्या, एका अँटेनाच्या जोडणीवर सेटिंगमध्ये ७२ मेगाबिट हा आकडा दिसतो, पण प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास हाती लागतं. आणि इथे बऱ्याच जणांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी, की लॅपटॉपकडून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे असा प्रत्येक तुकडा त्याच हवेतून दोनदा जातो. एकाच चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. म्हणजे छत्तिसाचे अठरा झाले. सतराची सरासरी त्यात जेमतेम मावते, चोवीस मावत नाहीत.

इलाज अगदी स्वस्तातला निघाला. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडला. हवेतली एक फेरी कमी झाली आणि अक्षता अखंड पडल्या. टीव्हीपर्यंत केबल नेता आली असती तर आणखी बरं. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं, आणि घरगुती शूटिंगला ते सहसा पुरतं. अशा वेळी रिपीटर विकत आणण्याची घाई मात्र करू नये. त्याच बँडवर चालणारा रिपीटर तीच माहिती हवेत आणखी एकदा पाठवतो आणि वेग आणखी खाली आणतो. पाच गिगाहर्ट्झचा बँड असेल तर तो वापरावा. तो आरसीसीच्या भिंतींपुढे लवकर थकतो, पण एकाच खोलीत उत्तम चालतो. संध्याकाळीच अडत असेल तर शेजाऱ्यांच्या वायफायची गर्दी हे पहिलं संशयाचं ठिकाण. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच. आमच्याकडच्या मजल्यांवरची घरं मोजली की ते तीन किती जणांत वाटले जातात ते कळतं.

दुसऱ्या एका घरी लक्षण वेगळं होतं. तिथे मिनीडीव्ही कॅसेटवरून काढलेलं बारसं कुठेही अडत होतं, आणि त्याच वेळी लॅपटॉपचा पंखा घरघरत होता. हा आवाज कान देऊन ऐकण्यासारखा असतो. डीव्हीमध्ये प्रत्येक चौकट स्वतंत्र दाबलेली असते, त्यामुळे पाळण्यात बाळ झोपलेलं असो की बायका गाणं म्हणत हलत असोत, चित्राला सेकंदाला २५ मेगाबिट लागतातच. एक तास म्हणजे साधारण १३ जीबी. पण खरी अडचण तीही नव्हती. बऱ्याच टीव्हींना डीव्ही वाचताच येत नाही. मग जेलीफिन किंवा प्लेक्ससारखा सर्व्हर ते शूटिंग चालू असतानाच दुसऱ्या रूपात बदलून देतो. जुन्या लॅपटॉपला ते काम झेपत नाही आणि टीव्ही वाट बघत बसतो. तिथे केबल बदलून काहीही झालं नसतं.

म्हणून नेटवर्कचा दोष ठरवण्याआधी तीच फाइल पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावून बघावी. तिथेही अडली किंवा चाललीच नाही, तर वायफाय निर्दोष. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यासाठी एक्सफॅट लागतं, आणि टीव्ही ते वाचतो का हेही आधी बघावं लागतं.

उशिरा सुरू होणाऱ्या फाइलचं कारण बहुधा तिच्या सूचीत असतं. कुठली चौकट कुठे आहे याची ही सूची बरेच कॅमेरे एमपी४ फाइलच्या शेवटी लिहितात. व्हिडिओचं रूप बदलणाऱ्या हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये ‘वेब ऑप्टिमाइझ्ड’ निवडलं की नव्या फाइलमध्ये ती पुढे येते.

हँडब्रेकचं नाव आलं म्हणून एक गोष्ट मनापासून सांगतो. टीव्हीसाठी हलकी प्रत जरूर करा. एच.२६४ हे रूप जवळजवळ सगळीकडे चालतं, जुन्या कॅसेटच्या शूटिंगला सेकंदाला चारपाच मेगाबिट पुष्कळ होतात, आणि वेगाने हलणाऱ्या हातांवर दिसणाऱ्या आडव्या रेघाही त्यात काढून टाकता येतात. पण ती प्रत झाली की ‘आता एवढी मोठी फाइल कशाला’ म्हणून मूळ फाइल पुसणारे लोक मी बघितले आहेत, आणि तेव्हा फार वाईट वाटतं. दाबलेल्या प्रतीतून गेलेला तपशील परत येत नाही. उद्याच्या टीव्हीला कुठलं रूप हवं असेल ते आज माहीत नाही, आणि पुन्हा कॅसेटकडे जाणं दरवर्षी अवघड होत चाललं आहे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि आता जे आहेत ते जुने, दुरुस्त करून चालवलेले. कॅसेट तर बुरशी धरत कपाटात पडलेल्या असतात. तेव्हा हलकी प्रत टीव्हीजवळ ठेवा, मूळ फाइल जशीच्या तशी हार्डडिस्कवर ठेवा, आणि तिची दुसरी प्रत बहिणीच्या किंवा मुलाच्या घरी, वेगळ्या डिस्कवर, याच महिन्यात नेऊन ठेवा.