विद्यार्थ्याचे भाषण आणि दृश्य साधने

भाषणात तक्ता, चित्र किंवा प्रत्यक्ष वस्तू केव्हा आणावी? जी गोष्ट शब्दांनी सांगता सांगता वेळ सरतो आणि तरीही ती मनात ठसत नाही, तेवढ्यापुरतेच हे साह्य घ्यावे.

याचा उत्तम दाखला ११ फेब्रुवारी १९८६ रोजी वॉशिंग्टन येथे पाहावयास मिळाला. त्यापूर्वी दोनच आठवडे 'चॅलेंजर' हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट होऊन सात जणांचे प्राण गेले होते. चौकशी आयोगाचे एक सदस्य, भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन, यांनी अग्निबाणाच्या सांध्यातील रबरी कड्याचा तुकडा पेचाच्या चिमट्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडविला. बाहेर काढून पेच सैल केला, तो रबर काही सेकंद पूर्ववत होईना. उड्डाणाच्या सकाळी थंडी कडाक्याची होती. मग सांधा घट्ट कसा राहावा? लांबलचक अहवालांतून जे उमगत नव्हते, ते एका पेल्याने सांगितले.

विद्यार्थ्याने यातून बोध घ्यावा. साधन एक, मुद्दाही एकच. फाइनमन यांनी हा प्रयोग आधी करून पाहिला होता. आपणही तसेच करावे. तक्त्यावरील अक्षर शेवटच्या बाकावर बसून स्वतः वाचून पाहावे. बोलताना तोंड श्रोत्यांकडे असावे. काम होताच तक्ता गुंडाळावा. तो टांगलेला राहिला, की श्रोत्यांचे डोळे त्यावर खिळतात आणि डोळ्यांमागून कानही जातात.

सर्वांत मोठी जबाबदारी सचोटीची. १९५१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या सुमारे ३६ कोटी भरली, २०११ मध्ये १२१ कोटी; म्हणजे सव्वातीन पटींहून काहीशी अधिक. हेच दोन स्तंभांनी दाखविताना तळाची रेषा शून्याऐवजी ३० कोटींवर धरली, तर दुसरा स्तंभ पहिल्याच्या पंधरा पट उंच दिसेल. आकडे खरे, पण चित्र खोटे! ऐकलेल्या शब्दावर माणूस शंका घेतो. डोळ्यांनी पाहिलेल्यावर सहसा घेत नाही. म्हणूनच येथे फसवणूक सोपी, आणि अधिक निंद्य.

आकाशवाणीवर बोलणाऱ्याजवळ शब्दांवाचून दुसरे साधन नसते. विद्यार्थ्यानेही आपले भाषण प्रथम असेच सिद्ध करावे, की डोळे मिटून ऐकणाऱ्यालाही ते समजावे. मग चित्र त्याची सोबत करील. भाषणाचा सारा भार त्याच्यावर पडणार नाही.